छत्रपती संभाजीनगर ते नांदेड : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कागदावर कसा काढावा

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे २१५ किलोमीटर आहे. मोबाइलवर विचारले की या आकड्याच्या शेजारीच ‘विमानप्रवासाचा वेळ ४५ ते ५० मिनिटे’ असेही उत्तर झटकन मिळते. यांपैकी पहिला आकडा भूगोलाचा असल्यामुळे तो बदलत नाही. दुसरा आकडा मात्र बहुतेक वेळा त्या अंतराला एका ठरावीक वेगाने भागून आणि त्यात थोडी भर घालून तयार केलेला असतो. त्या मार्गावर त्या दिवशी विमान सुटते की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध असेलच असे नाही. म्हणून हे दोन्ही आकडे स्वतः मांडता आले, म्हणजे समोर आलेल्या उत्तरातील कोणता भाग धरावा आणि कोणता सोडावा हे कळते. त्यासाठी दहावीपर्यंतचे गणित पुरते.

आधी दोन बिंदू नक्की करावेत

अंतर काढताना होणारी सर्वांत मोठी चूक गणिताची नसून नावाची असते. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे झाले, तरी तिकिटांच्या आणि अंतर मोजण्याच्या अनेक सोयींमध्ये अजूनही ‘औरंगाबाद’ हेच नाव शोधावे लागते, आणि तसे शोधले की कधी कधी बिहारमधील औरंगाबाद पुढे येते. नांदेडपासून ते साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे उत्तर दोनशेच्या घरात न येता हजाराजवळ आले, तर आकडेमोड तपासत बसू नये, नाव तपासावे. याहून सोपा उपाय म्हणजे शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा तीन अक्षरी संकेत वापरणे. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचा संकेत आयएक्सयू, नांदेडच्या श्री गुरू गोबिंद सिंघजी विमानतळाचा एनडीसी आणि लातूरचा एलटीयू असा आहे. शहराचे नाव बदलले तरी चिकलठाण्याचा हा संकेत तोच राहिला आहे.

दुसरी बारीक बाब अशी की, शहराचा मध्य आणि विमानतळ हे वेगळे बिंदू आहेत. चिकलठाणा विमानतळ शहराच्या पूर्वेला, जालना रस्त्यावर आहे. क्रांती चौकातून मोजलेले अंतर आणि धावपट्टीवरून मोजलेले अंतर यांत काही किलोमीटरांचा फरक सहज पडतो.

अंतर काढण्याची रीत

प्रत्येक विमानतळाचे अक्षांश आणि रेखांश अंश व कला यांत लिहून घ्यावेत. एका अंशाच्या साठ कला होतात. जवळच्या कलेपर्यंत पूर्ण करून घेतल्यास चिकलठाणा विमानतळ १९ अंश ५२ कला उत्तर आणि ७५ अंश २४ कला पूर्व येथे आहे. नांदेड विमानतळ १९ अंश ११ कला उत्तर आणि ७७ अंश १९ कला पूर्व येथे आहे.

विमान आणि जहाज चालवणारे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता सागरी मैलात का मोजतात, हे येथे उमगते. अक्षांशाची एक कला म्हणजे जवळपास एक सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्यामुळे अक्षांशांची वजाबाकी केली की उत्तर-दक्षिण अंतर आयतेच हाती येते : ५२ वजा ११, म्हणजे ४१ सागरी मैल.

रेखांशांच्या बाबतीत एक पायरी जास्त आहे. ७७ अंश १९ कलांतून ७५ अंश २४ कला वजा केल्यास १ अंश ५५ कला, म्हणजेच ११५ कला उरतात. परंतु रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवांकडे जाताना जवळ येत जातात, त्यामुळे आपल्याकडची रेखांशाची एक कला पूर्ण सागरी मैलाएवढी भरत नाही. ती किती भरते हे त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनवरून कळते. दोन्ही विमानतळांचा सरासरी अक्षांश साडेएकोणीस अंशांच्या आसपास आहे आणि त्याचा कोसाइन ०.९४२५ आहे. ११५ ला ०.९४२५ ने गुणले की पूर्व-पश्चिम अंतर १०८.४ सागरी मैल येते.

आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या आणि कर्ण काढायचा राहिला. ४१ चा वर्ग १,६८१ आणि १०८.४ चा वर्ग सुमारे ११,७५१, बेरीज १३,४३२, तिचे वर्गमूळ ११५.९. या ११५.९ सागरी मैलांना १.८५२ ने गुणले की २१४.६ किलोमीटर, म्हणजे व्यवहारात २१५ किलोमीटर हे उत्तर येते.

पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा त्रिकोण कसा चालतो, अशी शंका येथे येणे रास्त आहे. दोन-चारशे किलोमीटरांपर्यंत या रीतीने पडणारा फरक एका किलोमीटरच्या आतच राहतो. नांदेड ते अमृतसर यासारख्या सुमारे १,४०० किलोमीटरांच्या अंतरासाठी मात्र गोलावरील त्रिकोणमितीचे सूत्र वापरणे बरे. त्यात दोन्ही अक्षांशांच्या साइनांचा गुणाकार करावा, दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनांच्या गुणाकाराला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणून तो त्यात मिळवावा, आलेल्या संख्येचा व्यस्त कोसाइन अंशांत काढावा आणि त्या अंशांना १११.२ ने गुणावे, म्हणजे किलोमीटर मिळतात. (‘साइन’ हा शब्द आर्यभटाच्या ‘ज्या’वरून अरबी आणि लॅटिन भाषांतून फिरत, अर्थ बदलत आलेला आहे, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.)

आकडेमोड नकोच असेल, तर शालेय नकाशा आणि पट्टी घ्यावी. एका सेंटिमीटरला २० किलोमीटर या प्रमाणाच्या नकाशावर ही दोन ठिकाणे पावणेअकरा सेंटिमीटर अंतरावर पडतात. या पट्टीच्या रेषेकडे नीट पाहिल्यास एक गंमत दिसते. जालना रेषेच्या उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटर राहते, परतूर आणि सेलू जवळजवळ रेषेखालीच येतात, तर परभणी आणि पूर्णा रेषेच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरांवर पडतात. म्हणजे आपला रेल्वेमार्ग या हवाई रेषेला कधी वरून, कधी खालून बिलगून जातो, आणि म्हणूनच रेल्वेचे अंतर सुमारे २३५ किलोमीटर, हवाई अंतरापेक्षा जेमतेम वीस किलोमीटरांनी जास्त आहे. रस्त्याचे अंतर मात्र अडीचशेच्या पुढे जाते. रस्त्याचे अंतर माहीत नसल्यास हवाई अंतराला सव्वाने गुणावे, असा ढोबळ नियम मराठवाड्याच्या सपाट भागात बऱ्यापैकी लागू पडतो. घाट आला की तो सोडून द्यावा.

अंतरावरून वेळ

प्रादेशिक मार्गांवर बहुधा एटीआर ७२ हे पंख्यांचे, सुमारे सत्तर आसनांचे विमान असते आणि सरळ उड्डाणात त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास असतो. २१५ ला ५०० ने भागून ६० ने गुणले की २६ मिनिटे येतात. हे उत्तर गणित म्हणून बरोबर असले तरी प्रवास म्हणून चूक आहे, कारण विमान तो वेग या मार्गावर फार थोडा काळ गाठते.

हे उड्डाण तुकड्यातुकड्यांनी पाहावे. पूर्वेकडे जाणारी विमाने विषम हजार फुटांवर आणि पश्चिमेकडे जाणारी सम हजार फुटांवर उडतात, असा नियम आहे. त्यानुसार नांदेडकडे जाणारे विमान १५,००० फूट उंची घेते असे धरू. परतताना ते १४ किंवा १६ हजारांवर असेल. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे, म्हणजे चढायचे आहेत सुमारे १३,००० फूट. मिनिटाला हजार फूट या गतीने तेरा मिनिटे लागतात, आणि चढताना वेग कमी असल्यामुळे तेवढ्या वेळात सुमारे ८० किलोमीटरच कापले जातात. उतरण्यासाठी वैमानिक दर हजार फुटांना तीन सागरी मैल असा हिशेब धरतात. नांदेडची धावपट्टी सुमारे १,२५० फुटांवर आहे, म्हणून उतरायला सुमारे ४१ सागरी मैल, अर्थात ७६ किलोमीटर लागतात. २१५ मधून ८० आणि ७६ वजा केल्यावर पूर्ण वेगाच्या सरळ उड्डाणासाठी उरतात ५९ किलोमीटर, म्हणजे सात मिनिटे. चहाचा कप हातात येईपर्यंत विमानाचे नाक खाली झुकलेले असते. चढण्याची तेरा, सरळ उड्डाणाची सात, उतरण्याची अकरा आणि धावपट्टीच्या रेषेत येऊन वेग कमी करत टेकण्याची पाच अशी ३६ मिनिटे विमान हवेत असते.

तिकिटावर मात्र ३६ मिनिटे लिहिलेली नसतात. वेळापत्रकातील सुटण्याची वेळ ही विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढून ते जागेवरून हलण्याची असते आणि पोहोचण्याची वेळ ही दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर थांबण्याची असते. या संपूर्ण कालावधीला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. दोन्ही टोकांना जमिनीवर चालण्याची पाच-पाच मिनिटे धरली की ४६ मिनिटे होतात, आणि वेळ पाळल्याचा आकडा चांगला दिसावा म्हणून कंपन्या त्यावर आणखी थोडी मिनिटे चढवतात. वैमानिकाने ‘उड्डाणाचा कालावधी ३५ मिनिटे’ असे सांगितले आणि हातातील तिकिटावर ५० मिनिटे दिसली, तर दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते.

या सगळ्याचा नियम असा बांधता येतो : किलोमीटरांतील अंतराला ५०० ने भागून ६० ने गुणावे आणि त्यात २० मिनिटे मिळवावीत. आपल्या उदाहरणात २६ अधिक २०, म्हणजे पुन्हा ४६. एक टोक हैदराबादसारखे मोठे असेल, तर आणखी पाच ते दहा मिनिटे धरावीत. नांदेड ते हैदराबाद अंतर सुमारे २४६ किलोमीटर आहे. त्याचा वेळ या हिशेबाने ५५ मिनिटे ते एक तास येतो. मुंबईसारख्या ठिकाणी उड्डाणाआधीची रांग आणि उतरण्याआधीच्या घिरट्या लक्षात घेता जेट विमानासाठी ताशी ८०० किलोमीटर वेग धरून वर ४० मिनिटे मिळवणे योग्य ठरते. छत्रपती संभाजीनगर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे २७९ किलोमीटर आहे. त्याची २१ अधिक ४०, म्हणजे साधारण एक तास होतो. जेट वेगवान असूनही वेळ वाचत नाही, याचे कारण या हिशेबातच आहे.

वेळेच्या पट्ट्यांचा प्रश्न देशांतर्गत प्रवासात येत नाही. सूर्य नांदेडला चिकलठाण्यापेक्षा साडेसात-आठ मिनिटे लवकर माथ्यावर येतो, पण घड्याळ दोन्हीकडे एकच आहे.

वारा आणि धावपट्टीची दिशा

ताशी ४० किलोमीटरांचा वारा पाठीमागून असेल तर २६ मिनिटांची २४ होतात आणि समोरून असेल तर २८ होतात. एवढ्या छोट्या मार्गावर वरच्या वाऱ्याचा हिशेब इथेच संपतो. जमिनीलगतचा वारा मात्र याहून जास्त मिनिटे खातो, आणि त्याकडे प्रवाशांचे सहसा लक्ष नसते.

विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊनच चढते आणि उतरते. चिकलठाण्याची धावपट्टी ०९ आणि २७ या क्रमांकांची आहे, म्हणजे तिची टोके ९० आणि २७० अंशांच्या, अर्थात पूर्व आणि पश्चिम दिशांना आहेत. नांदेडची धावपट्टी १० आणि २८ क्रमांकांची आहे. चिकलठाण्याहून नांदेडची दिशा सुमारे ११० अंश, म्हणजे आग्नेयेकडे किंचित झुकलेली पूर्व आहे. त्यामुळे दोन्ही धावपट्ट्या प्रवासाच्या रेषेशी जवळपास समांतर आहेत. हिवाळ्यात, जमिनीलगतचा मंद वारा पूर्वेकडून असताना, विमान चिकलठाण्याहून थेट पूर्वेकडे उठते आणि नांदेडला वळसा न घेता समोरच्या धावपट्टीवर उतरते; शिवाय पंधरा हजार फुटांवर त्या दिवसांत वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून असतो. जुलैमध्ये मोसमी वारा पश्चिमेकडून वाहत असताना तेच विमान आधी वैजापूरच्या दिशेने उठून मागे वळते आणि नांदेडला पोहोचल्यावर शहराच्या पुढे जाऊन पुन्हा पश्चिमेकडे तोंड करून उतरते. दोन्ही टोकांच्या या वळशांत मिळून सहज आठ-दहा मिनिटे जातात. परतीच्या प्रवासात हा सगळा हिशेब उलटा होतो. म्हणून ‘जाताना लवकर आलो, येताना उशीर का झाला’ या प्रश्नाचे उत्तर बरेचदा धावपट्टीच्या क्रमांकात सापडते.

विमान खरोखर आहे का, हे तपासावे

आमच्या नात्यातील एक तरुण बंगळूरला नोकरीला असतो. जालन्याला घरातील एक साखरपुडा होता. त्याने नांदेडपर्यंतचे तिकीट काढले आणि पुढच्या प्रवासासाठी मोबाइलवर ‘नांदेड ते औरंगाबाद विमान, ४८ मिनिटे’ एवढे वाचून ठेवले. तिकीट काढायला बसल्यावर त्या दिवशीच काय, त्या आठवड्यातही असे विमान नसल्याचे त्याच्या लक्षात आले. शेवटी नांदेडहून रेल्वेने तो जालन्याला पोहोचला, तेव्हा पंगती उठून मंडपात मंडळी पान खात बसली होती. त्याने वाचलेली ४८ मिनिटे चुकीची नव्हती. ती कुठल्याच विमानाची नव्हती, इतकेच.

अंतर दाखवणाऱ्या पानावर उड्डाणाचा क्रमांक, आठवड्याचे वार आणि सुटण्याची वेळ या तिन्ही गोष्टी नसतील, तर तेथील वेळ हा भागाकार समजावा. या तिन्ही गोष्टी विमान कंपनीच्या स्वतःच्या तिकीट-पानावर, प्रवासाची नेमकी तारीख घालून पाहाव्यात. प्रादेशिक मार्गांवरील विमाने अनेकदा रोज नसून आठवड्यातील ठरावीक दिवशीच असतात, आणि वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. एप्रिलमध्ये पाहिलेल्या वेळेवर नोव्हेंबरचा बेत आखू नये.

मार्ग केव्हा सुरू झाला हेही पाहावे. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतील पहिली उड्डाणे २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली, तेव्हा शिमला-दिल्ली या मार्गाबरोबर नांदेड-हैदराबाद हा मार्गही त्यांत होता. साधारण एका तासाच्या, सुमारे ५०० किलोमीटरांच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचे भाडे २,५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवण्याची ती योजना होती. कंपनीला होणारी तूट भरून देणारी मदत एका मार्गासाठी तीन वर्षांपर्यंत मिळते. त्यानंतर प्रवासी पुरेसे नसले तर मार्ग बंद पडतो, आणि जुन्या बातम्या मात्र मोबाइलवर तशाच राहतात.

दारापासून दारापर्यंतचा हिशेब

थेट विमान आहे असे गृहीत धरून सिडकोतील एका घरापासून नांदेडच्या वजिराबादपर्यंतचा वेळ मांडून पाहू. घरून विमानतळापर्यंत २५ मिनिटे लागतील. प्रवाशांचे सामान जमा करून घेण्याची खिडकी बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या ४५ ते ६० मिनिटे आधी बंद करतात, म्हणून सुटण्याच्या वेळेआधी किमान ७५ मिनिटे पोहोचावे. त्यात ब्लॉक टाइमची ४६ मिनिटे, सामान हाती येण्याची २० आणि नांदेड शहरात पोहोचण्याची २० मिनिटे मिळवली की १८६ मिनिटे, म्हणजे तीन तासांहून थोडा जास्त वेळ होतो. रेल्वेला साधारण चार ते साडेचार तास लागतात आणि वजिराबादपासून रेल्वेस्थानक जवळ आहे. वाचतो तो तास-दीड तास, आणि तोही विमान वेळेवर असेल तरच. प्रादेशिक मार्गावरील एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करत असल्यामुळे सकाळच्या फेरीचा उशीर संध्याकाळपर्यंत वाहत येतो. शक्य असेल तर दिवसाची पहिली फेरी निवडावी, आणि ती नसेल तर आपले विमान आधी कुठून येणार आहे हे पाहून ठेवावे.

थेट विमान नसताना जोडप्रवास सुचवला जातो, त्याचाही हिशेब याच रीतीने करावा. नांदेडहून हैदराबाद २४६ किलोमीटर आणि हैदराबादहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ४३३ किलोमीटर, म्हणजे २१५ च्या ऐवजी ६७९ किलोमीटर. केवळ हवेतील आणि धावपट्टीवरील वेळच दोन तासांच्या वर जातो, आणि मधला थांबा दोन तासांचा मिळाला तरी नशीब म्हणायचे. माझ्या मते असा जोडप्रवास या दोन शहरांसाठी करण्यात अर्थ नाही. विमानाचा विचार येथे करावा तो पुढच्या लांबच्या टप्प्यासाठी. दिल्ली किंवा बंगळूरला जायचे असताना दोनपैकी कोणत्या विमानतळावरून निघावे, हे ठरवण्यासाठी.

तेथे मधल्या गावांचा हिशेब वेगवेगळा निघतो. परभणीकराला नांदेड विमानतळ रस्त्याने दीड तासाच्या आसपास पडतो आणि चिकलठाणा साडेतीन-चार तासांवर, त्यामुळे नांदेडहून त्या दिवशी विमान असल्यास त्याने दुसरीकडे पाहू नये. जालनेकराला चिकलठाणा तासाभरावर आहे, त्यालाही प्रश्न नाही. खरी अडचण सेलू आणि परतूरची आहे. परतूरहून चिकलठाणा जवळ आहे, सेलूहून नांदेड थोडे जवळ पडते, पण दोन्हीकडचा फरक इतका नाही की तेवढ्यावर ठरवावे. येथे आधी तारीख घालून दोन्ही विमानतळांवरील सुटण्याच्या वेळा पाहाव्यात, त्यातून ७५ मिनिटे आणि रेल्वे किंवा रस्त्याचा वेळ वजा करावा, आणि ज्या बाजूने निघण्याची वेळ पहाटे चारच्या नंतर येते ती बाजू निवडावी.